तर्जुम्यात गाळलेले कलम

खिडक्या, बटणे, याद्या आणि मजकुराच्या चौकटी संगणकाच्या पडद्यावर उभ्या करून देणारी जी तयार साधने असतात, ज्यांना आमच्या व्यवसायात टूलकिट म्हणतात, ती बहुतेक करून सी किंवा सी-प्लस-प्लस या भाषांत लिहिलेली असतात. आणि पायथनसारख्या सुगम भाषेत ज्याचे रोजचे काम चालते त्याला त्यांचा लाभ घेता यावा म्हणून दोन भाषांच्या मध्ये जो दुभाषी बसवलेला असतो, त्यास बाइंडिंग ही संज्ञा रूढ आहे. या दुभाष्याने मूळ टूलकिटमधील काही फंक्शने पलीकडे पोचवलीच नाहीत, तर त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे काय, या प्रश्नाला आमच्या व्यवसायातील अनेक जाणती माणसे, आणि त्यांत माझे काही आदरणीय स्नेहीही आहेत, नकारार्थी उत्तर देतात. त्यांचे म्हणणे असे की बाइंडिंग हा मूळ टूलकिटचा भाग नसून ती एक सवलत आहे. ती बहुधा कोणी तरी विनामूल्य, रात्री जागून, स्वतःच्या हौसेने दिलेली असते. जे राहून गेले ते शंभरात दोन-चार, आणि तेही क्वचित लागणारे. ज्याला त्याची निकड असेल त्याने सी शिकून घ्यावे, किंवा उणीव स्वतः भरून काढावी, किंवा ब्राउझरचा मार्ग धरावा. पण फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये. हा युक्तिवाद वरवर पाहता इतका सयुक्तिक आणि इतका सभ्य आहे की मीही कित्येक वर्षे तो मुकाट्याने मान्य करीत आलो. आज तो मला सर्वस्वी अमान्य आहे, आणि का अमान्य आहे हे सांगण्यासाठी मला प्रथम हातभर लांबीच्या एका कागदाविषयी लिहावे लागेल.

आमचे नांदगाव पेठ हे अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. औद्योगिक वसाहतीमुळे आणि वीजकेंद्रामुळे त्याचे नाव अलीकडे दूरवर गेले असले, तरी दिवाळी मागे पडली की या रस्त्याची खरी ओळख कापसाच्या गाड्यांनीच पटते. २०१६ च्या हंगामात एका जिनिंगच्या धर्मकाट्यासाठी मी एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचे वजन नोंदले जाते. कापूस उतरवून तीच गाडी रिकामी होऊन परत चढते. दोहोंची वजाबाकी होऊन निव्वळ वजन निघते, त्यास भावाने गुणून हमाली-तोलाई वजा केली जाते, आणि शेतकऱ्याच्या हाती काटापट्टी पडते. या पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि रक्कम मराठीत छापली जावी एवढीच मालकांची अट होती, आणि ती मी पुरी केली आहे अशा समजुतीत मी पहिली पट्टी तेथील वृद्ध दिवाणजींच्या पुढे ठेवली. चाळीस वर्षे बोरूपासून बॉलपेनापर्यंत सर्व साधनांनी पट्ट्या लिहिलेला तो माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "भाऊ, हा ल काई आपला नाई, हा हिंदीतला व्हय. वलगाव असं काहून छापता?" मग बोट खाली सरकवून त्यांनी शिराळ्याचा श दाखवला. तोही आपला नव्हता.

ज्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटेल त्यांना एवढेच स्मरण देतो की मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असावा हा कोणा एका दिवाणजींचा हट्ट नसून महाराष्ट्र शासनाची त्याविषयी लेखी आज्ञा आहे; मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला आणि २०२२ साली तो सुधारून पुन्हा काढण्यात आला. अक्षराचे हे रूप ठरवण्याचे काम युनिकोड करीत नाही. युनिकोडच्या दप्तरी हिंदीचा ल आणि मराठीचा ल यांना क्रमांक एकच. कोणते रूप दाखवावयाचे हे टंक ठरवतो, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या विचारपूर्वक केलेल्या टंकात दोन्ही रूपे भरलेली असतात. मात्र त्यासाठी टंकाला कोणी तरी सांगावे लागते की पुढे येणारा मजकूर मराठी आहे. काट्याच्या प्रोग्रामसाठी मी घेतलेल्या जीटीके या टूलकिटमध्ये हे सांगण्याचे काम पँगो नावाच्या लायब्ररीकडे आहे. ग्रीकमधील 'सर्व' आणि जपानीमधील 'भाषा' या दोन शब्दांची सांगड घालून तिचे नाव ठेवलेले आहे, म्हणजे सर्व भाषांची सोय हे तिचे ब्रीदच. पँगोला मजकुराची भाषा सांगितली नाही आणि संगणकाची व्यवस्था इंग्रजीत असली, तर ती देवनागरी लिपी पाहून नमुन्याची भाषा म्हणून हिंदी गृहीत धरते. या गृहीतात दुष्ट हेतू मुळीच नाही. काहीतरी धरावे लागते म्हणून ते धरलेले आहे. पण ते मोडून काढण्याचा जो अधिकृत मार्ग, म्हणजे मजकुराच्या नेमक्या तुकड्यावर 'भाषा: मराठी' असा गुणधर्म लावणे, तो सीमध्ये लिहिणाऱ्याला खुला होता आणि पायथनमध्ये लिहिणाऱ्या मला बंद होता.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे, कारण 'बाइंडिंग म्हणजे केवळ सवलत' या म्हणण्याचा पाया त्या इतिहासातच ढासळतो. जीटीकेचा जन्म १९९६-९७ च्या सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात जिम्प या चित्रसंपादकाच्या पोटी झाला. पुढे तिच्या कर्त्यांनी सी ही भाषा कायम ठेवून त्यावर जीऑब्जेक्ट नावाची जी वस्तुरचना उभारली, तिच्या मुळाशी इतर भाषांना तिच्याशी सहज जोडून घेता यावे हा हेतू स्पष्टपणे होता. म्हणजे परभाषकांना निमंत्रण हे घरमालकांनीच दिलेले आहे. ते ओसरीवर आगंतुक म्हणून आलेले नाहीत. पहिल्या पिढीत पायजीटीके नावाचे बाइंडिंग होते, ते बऱ्याच अंशी हातांनी घडवलेले होते, आणि त्यात मजकुराला भाषेचा गुणधर्म लावण्याची सोय व्यवस्थित होती. २०११ मध्ये जीटीकेची तिसरी आवृत्ती आली, पायजीटीकेचा विस्तार थांबला, आणि त्याच्या जागी पायजीऑब्जेक्ट ही नवी व्यवस्था आली, जिच्यात मूळ सी-लिखाणावरचे शेरे वाचून बाइंडिंग आपोआप सिद्ध होते. कल्पना खरोखर उदात्त होती: दर भाषेने दर फंक्शन हाताने उतरवण्याऐवजी मूळ लेखकाने एकदा शेरा लिहावा आणि सर्व भाषांनी तो वाचावा. पण या संक्रमणात जुन्या दुभाष्याला जे येत होते ते नव्याला येईनासे झाले. पँगोच्या गुणधर्माला या व्यवस्थेत नोंदणीकृत प्रकार नव्हता, म्हणून पायथनमधून तो निर्माण करून मजकुराच्या यादीत सुरक्षितपणे घालता येत नसे; तो प्रकार पँगोच्या १.४४ या आवृत्तीत, म्हणजे २०१९ साली, मिळाला. आठ वर्षे एक वाट जी पूर्वी होती ती नव्हती, आणि या मुदतीत जे नवे लोक आले त्यांना ती कधी होती याची वार्ताही नव्हती.

आता प्रतिपक्षाचे पहिले म्हणणे, की जे राहिले ते क्वचित लागणारे. क्वचित कोणाला, हे त्यांनी सांगावे. फंक्शनांची गणती करून शंभरातली चारच उणी आहेत असे म्हणणे म्हणजे खरेदीखतातील शब्द मोजून चारच शब्द गळले असे म्हणण्यासारखे आहे. ते चार शब्द चतुःसीमेचे असतील तर खत कशाचे राहिले? वऱ्हाडाने १८५३ पासून निजामाची मालकी आणि इंग्रजांचा अंमल एकाच वेळी पाहिला आहे, आणि मूळ दस्ताचा तर्जुमा करताना गाळलेले एक कलम पुढच्या पिढीला किती महाग पडते हे येथल्या कास्तकाराला शिकवावे लागत नाही. मजकुराला भाषा लावण्याचे फंक्शन इंग्रजी लिहिणाऱ्याला जन्मभर लागणार नाही, कारण त्याच्या ए-बी-सीची दोन राष्ट्रीय रूपे नाहीत. ज्यांना ते लागते ते मराठी, नेपाळी आणि एका लिपीत दोन भाषा नांदवणारे इतर लोक, आणि बाइंडिंगची परीक्षा घेणाऱ्यांत त्यांची संख्या थोडी असल्यामुळे ती उणीव सर्वांत उशिरा ध्यानात येते. म्हणून उणीव यादृच्छिक पडत नाही. ती नेहमी कडेच्या माणसाच्या अंगावर पडते. ज्या जिल्ह्यात रिद्धपूर आहे, म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवणी जेथे केली असे महानुभाव परंपरा मानते ते रिद्धपूर, त्या जिल्ह्यातल्या काटापट्टीवर मराठी अक्षर मराठी वळणाने उमटावे ही मागणी कडेची कशी ठरते, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

दुसरे म्हणणे असे की वाट बंद असली तरी खिडकी उघडी होती. हे खरे आहे आणि मी ते लपवीत नाही. संगणकाची सगळी व्यवस्थाच मराठीत केली असती तर पँगोने देवनागरीला मराठी मानले असते. तसेच मजकुरात खुणांच्या भाषेने भाषेचे नाव गुंफून ती खूण पँगोकडून उकलून घेण्याची युक्तीही होती, आणि शेवटी मी तीच वापरली. पण या दोन्ही उपायांची किंमत मोजून पाहावी. पहिल्या उपायाने काट्यावरचा तो संगणक, ज्यावर हिशेबाचा दुसरा इंग्रजी प्रोग्रामही चालतो, त्याची सगळी घडी बदलते. शिवाय बैतूलकडचा व्यापारी येतो त्याची पट्टी हिंदीत हवी असते, मग त्याचा ल आम्ही मराठी वळणाने छापणार. एका पट्टीवर दोन भाषा हे आमच्या सीमेवरचे नित्याचे वास्तव आहे, आणि ते केवळ तुकड्यागणिक भाषा सांगूनच निभावते. दुसऱ्या उपायात माहिती आणि हुकूम एकाच वाक्यात मिसळतात. पेढीच्या नावात 'अँड' ऐवजी ते इंग्रजी वळणदार चिन्ह आले की पँगो त्यास खुणेचा आरंभ समजते आणि सगळी ओळ नाकारते. त्यासाठी प्रत्येक नाव आधी धुऊन घ्यावे लागते, आणि हे मला कळले ते हंगामाच्या भर गर्दीत, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना.

तशीच आणखी एक गोष्ट. वलगाव या शब्दाखाली तो जेथे संपतो तेथपर्यंत रेघ ओढावयाची होती, म्हणून मी शब्दाचा शेवट पडद्यावर कोठे येतो असे पँगोला विचारले. पायथनच्या हिशेबी या शब्दाची लांबी ५. मी ५ हा आकडा दिला. पँगो मात्र बाइटांत मोजते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्यामुळे तिच्या हिशेबी शब्द १५ लांबीचा. रेघ दुसऱ्याच अक्षरापाशी थांबली. इंग्रजी अक्षर एका बाइटाचे, म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही मोजमापे नेहमी जुळतात आणि ही चूक त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही. येथे फंक्शन हजर होते, पण दुभाष्याने आकडा पोचवला आणि परिमाण पोचवले नाही. मण सांगितले की शेर, हे न सांगता वजन सांगावे तसे. म्हणून उणीव म्हणजे केवळ नसलेले फंक्शन असे मी मानीत नाही. अर्धे पोचलेले फंक्शन ही त्याहून वाईट उणीव आहे, कारण तिचा सुगावा उशिरा लागतो.

ब्राउझरचा मार्ग सुचवणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की तेथे मजकुराला मराठी म्हणण्यास एक लहानशी खूण पुरते आणि ती चालते, हे मला मान्य आहे. पण तेथे भाषा सांगण्याची सोय कराराच्या मजकुरातच आहे, म्हणून ती चालते. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही आणि अवघडही नाही, हे त्यांनी माझ्या वतीनेच सिद्ध केले.

आता सर्वांत गंभीर आक्षेप, आणि त्यापुढे मी खरोखर नम्र आहे: ही माणसे फुकट राबतात. मीही त्यांच्या श्रमांवर पोट भरतो आणि त्यांचे ऋण मानतो. मी जे मागतो आहे ते जास्त श्रम नव्हेत. वैशाखात आमच्या रस्त्यावर कोणी पाणपोई घालतो, तेव्हा रांजण सदैव भरलेला ठेवण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करीत नाही. परंतु रांजण रिता असेल तर झाकणावर तशी खूण असावी, म्हणजे वाटसरू पुढच्या गावापर्यंतचा बेत बांधू शकतो. बाइंडिंगची माहितीपुस्तिका मूळ लायब्ररीचीच नक्कल म्हणून छापली जाते आणि त्यात काय आले नाही याचा उल्लेख नसतो, तेव्हा वापरणाऱ्याचे चार दिवस स्वतःच्या अज्ञानावर संशय घेण्यात जातात. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटच्या बाबतीत हे काम कसे करता येते ते दिसून आले आहे. तिचे पायथन बाइंडिंग रिव्हरबँक या संस्थेने फार पूर्वी पायक्यूटी या नावाने केले होते. नंतर नोकियाच्या आश्रयाने २००९ मध्ये पायसाइड आले. आणि पुढे क्यूटीच्या मालक कंपनीने तेच स्वतःचे म्हणून पत्करले, तेव्हा आपल्याकडे कोणते वर्ग आणि कोणती फंक्शने अद्याप नाहीत याची यादी तिने स्वतः प्रसिद्ध केली, प्रतिस्पर्धी पायक्यूटीशी ताडून. शिवाय तिच्या बाइंडिंग घडवणाऱ्या यंत्रणेत जे मुद्दाम गाळायचे ते फर्मानाप्रमाणे लिहून ठेवावे लागते. स्वतःच्या उणिवांची अशी नोंद ठेवणारे घर मला विश्वासार्ह वाटते. आणि ती यादी वाचून काही बाबतींत मी ते साधन घेतले नाही, तेव्हाही माझा त्याविषयीचा आदर कमी झाला नाही.

आणि 'स्वतः भरून काढा' हा जो उपदेश केला जातो, त्याचे उत्तर तांत्रिक आहे आणि ते टाळता येत नाही. आपोआप बाइंडिंग घडवणाऱ्या व्यवस्थेत प्रत्येक फंक्शनावर एक शेरा असावा लागतो: हे फंक्शन जी वस्तू परत देते तिची मालकी घेणाऱ्याकडे गेली की देणाऱ्याकडेच राहिली. आपल्या तलाठ्याच्या दप्तरातील फेरफारासारखीच ही नोंद. ती नसेल तर एकच जमीन दोन वारस आपली समजून विकतात. म्हणजे पायथन एकदा ती मेमरी मोकळी करते आणि सी-लायब्ररी दुसऱ्यांदा, आणि प्रोग्राम तेथेच कोसळतो. हा शेरा बाहेरच्याने अंदाजाने लिहावयाचा नसतो. काही फंक्शनांच्या घोषणेत शेवटी तीन टिंबे असतात, म्हणजे यापुढे कितीही आणि कोणत्याही जातीची मूल्ये येऊ शकतात. असली फंक्शने या व्यवस्थेत पलीकडे जाऊच शकत नाहीत, आणि त्यांच्या जोडीला ठरावीक मूल्यांचे दुसरे फंक्शन लिहून ठेवणे हे मूळ लेखकाखेरीज कोणाला जमणार? मी नांदगाव पेठेत बसून सीचा अभ्यास केला आहे, दुरुस्तीही पाठवू शकतो. पण मालकी कोणाची हे ज्याने वस्तू निर्माण केली त्यालाच निश्चित ठाऊक असते, आणि मी चुकीचा अंदाज केला तर त्याचे फळ काट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला भोगावे लागते.

पँगोच्या गुणधर्मांचे प्रकरण आता मिटले, मग हे सगळे आता कशासाठी, असेही विचारले जाते. मिटले ते एक प्रकरण. टूलकिटच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवी फंक्शने येतात, काहींवर शेरा असतो, काहींवर नसतो, काहींवर 'वगळावे' असा शेरा असतो आणि त्याखाली कारण नसते. माझी मागणी त्या शेवटच्या दोन वर्गांपुरती आहे: वगळले तर का वगळले हे त्याच ओळीत लिहा, आणि त्या ओळी एकत्र करून दर आवृत्तीबरोबर एक यादी बाहेर काढा. यंत्र जर शेरे वाचून बाइंडिंग घडवू शकते, तर तेच शेरे वाचून ही यादीही छापू शकते. त्यास कोणाच्या रात्रीची जागरणे लागत नाहीत. अशी यादी माझ्या हाती भाद्रपदात आली, तर काट्याचा प्रोग्राम कोणत्या साधनात लिहावा हे मी पहिली गाडी चढण्यापूर्वी ठरवू शकेन, आणि वलगावचा ल कसा उमटणार हे दिवाणजींना आधीच दाखवता येईल.